राग खरा होता, पण रक्त कोणाचे सांडले?



कुंगफूचे चित्रपट आपल्या मुलांना फार आवडतात. पूर्वी ते व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून पाहिले जात, आता मोबाईलवर पाहिले जातात. घरातली मोठी माणसे 'नुसती मारामारी' म्हणून उठून जातात. पण त्यातला एखादा चित्रपट असा निघतो की मारामारी संपली तरी प्रश्न संपत नाही. अशाच एका चित्रपटाविषयी आज लिहीत आहोत. त्याच्या पाठीमागे जो इतिहास आहे, त्यात आपले श्रद्धाबंधू हजारोंनी मारले गेले. आणि ज्यांनी मारले त्यांची तक्रार मात्र सर्वस्वी खोटी नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात कशा धरायच्या? ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न टाळता येणार नाही.

मंत्र आणि गोळी

चित्रपटाचे नाव 'लेजंडरी वेपन्स ऑफ चायना'. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीने तो १९८२ साली काढला. दिग्दर्शक लाऊ कार-लियुंग हे स्वतः कुंगफूचे जाणकार होते आणि चित्रपटातील मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चीनमधली आहे. परकीय सत्तांनी देश पोखरला आहे. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बॉक्सर मंडळींचा विश्वास असा, की ठराविक कसरत केली, मंत्र म्हटला आणि अंगात देव संचारला की बंदुकीची गोळी शरीराला शिवत नाही. प्रत्यक्षात मंत्र म्हणून बंदुकीसमोर उभे राहिलेले तरुण धडाधड कोसळतात.

या कथेचा नायक लेइ कुंग हा बॉक्सरांच्या एका शाखेचा प्रमुख. गोळीपुढे मंत्र चालत नाही हे तो ओळखतो. आपल्या हाताखालच्या पोरांना मरणाच्या दारात ढकलण्यापेक्षा तो शाखाच बरखास्त करतो आणि नाव बदलून लाकूडतोड्याचे जिणे जगू लागतो. परकीयांवरचा त्याचा राग गेलेला नाही, देशप्रेमही आटलेले नाही. तरी त्याचेच लोक त्याला फितूर ठरवतात आणि त्याला ठार मारण्यासाठी माणसे पाठवतात. शेवटी सख्खा भाऊच अठरा प्रकारच्या शस्त्रांनिशी त्याच्यासमोर उभा राहतो.

लेइ कुंग हे पात्र काल्पनिक आहे. चित्रपटात त्याची शाखा युनान प्रांतात दाखवली आहे. खरी बॉक्सर चळवळ त्या दूरच्या दक्षिणेत नव्हती, ती उत्तरेकडच्या शानडोंगमध्ये आणि बीजिंगभोवतालच्या मुलखात पेटली. पण दिग्दर्शकाने उभा केलेला प्रश्न खरा आहे: आपल्या लोकांवर अन्याय झालेला असताना, आपल्याच लोकांना 'तुमचा मार्ग चुकीचा आहे' असे सांगणारा माणूस गद्दार असतो का? चित्रपटाचे उत्तर आहे, नाही. देशावर प्रेम करणारा माणूस देशातल्या तरुणांना खोट्या मंत्राच्या भरवशावर मरू देत नाही.

इथपर्यंत आपण चित्रपटाशी सहमत होऊ. पण चित्रपट ज्यांची गोष्ट सांगत नाही ते लोकही त्या इतिहासात होते. बॉक्सरांच्या तलवारीने जे सर्वाधिक मेले, ते परकीय सैनिक नव्हते. ते चिनी होते, शेतकरी होते, आणि बहुतेक आपल्याप्रमाणेच कॅथलिक होते.

तक्रार खोटी नव्हती

मेलेल्यांकडे वळण्याआधी मारणाऱ्यांचे ऐकून घेऊ. न्याय करायचा तर दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात.

एकोणिसाव्या शतकात चीनवर अफू लादली गेली. ती अफू हिंदुस्थानातून जात असे. कलकत्त्याहून तशी आपल्या मुंबई बंदरातूनही. अफूचा व्यापार अडवला म्हणून चीनवर युद्धे लादली गेली आणि हरलेल्या चीनकडून एकामागून एक तह लिहून घेतले गेले. १८५८ साली झालेल्या करारांनी दोन दारे एकदम उघडली. तिएनत्सिनच्या तहाने मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात जाण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षीच्या जकात करारात अफूच्या व्यापाराला कायदेशीर मान्यता मिळाली. शुभवर्तमान आणि अफू एकाच तोफेच्या आवाजात आत आले. चिनी शेतकऱ्याने या दोहोंत फरक कसा करावा?

पुढे फ्रान्सने चीनमधील कॅथलिक मिशनांचा पालक म्हणून स्वतःला पुढे केले. गावात भांडण झाले, एका बाजूला ख्रिस्ती माणूस असला, की मिशनरी मध्ये पडत. मिशनऱ्यामागे वकील उभा, वकिलामागे युद्धनौका. मग न्यायाधीश कोणाच्या बाजूने निकाल देणार? काही लोक केवळ खटल्यात पाठबळ मिळावे म्हणून चर्चच्या दारी आले, असे इतिहासकार नोंदवतात. १८९९ साली तर चिनी सरकारने कॅथलिक बिशपांना आणि धर्मगुरूंना सरकारी अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा दर्जा दिला. सेवकाने हाकिमाचा मान घेतला की लोकांच्या मनात काय येते, हे वेगळे सांगायला नको.

शानडोंगच्या सीमेवर लियुआनतुन नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या देवळाची जागा १८६९ साली गावजमिनीच्या वाटणीत कॅथलिकांच्या वाट्याला आली आणि तिथे चर्च उभे करण्याचे ठरले. त्या एका जागेवरून सुमारे तीस वर्षे तंटा चालला. दंगली झाल्या, निकाल फिरले, फ्रेंच वकिलातीचा दबाव आला. बॉक्सर चळवळीच्या मुळांचा शोध घेताना इतिहासकार या गावापाशी थांबतात. आणखी एक गोष्ट. देवळाच्या उत्सवाची वर्गणी ख्रिस्ती लोकांनी देऊ नये अशी सूट १८६२पासून होती. श्रद्धेच्या दृष्टीने ती योग्यच. पण पावसासाठी सारे गाव देवाला साकडे घालत आहे आणि शेजारी त्यात नाही, हे दुष्काळाच्या वर्षी शेजाऱ्याच्या डोळ्यात खुपणारच.

आणि दुष्काळ आला. १८९८ साली पीत नदीला महापूर आला, त्यानंतर उत्तर चीनमध्ये पावसाने पाठ फिरवली. त्याआधी, १ नोव्हेंबर १८९७च्या रात्री ज्युये परगण्यात दोन जर्मन धर्मगुरूंची हत्या झाली होती. ती हत्या घोर पाप होती, यात शंका नाही. पण जर्मनीने दोन आठवड्यांच्या आत त्या निमित्ताने जियाओझोऊचा उपसागर गिळंकृत केला. हुतात्म्यांचे रक्त बंदर मिळवण्यासाठी वापरले गेले. उपाशी पोट, कोरडे शेत आणि अपमानित देश अशा जमिनीत 'न्याय आणि एकोपा' हे नाव घेतलेली बॉक्सर चळवळ उगवली. चिनी राजघराण्याला हात द्या, परकीयांना संपवा, ही तिची घोषणा.

वाचकहो, यातली कोणती तक्रार आपण खोटी म्हणू?

किंमत कोणी दिली?

आता दुसरी बाजू. राग होता युद्धनौकांवर, पण युद्धनौका समुद्रात होत्या. राग होता वकिलातींवर, पण वकिलाती तटबंदीच्या आत होत्या. हाताशी कोण होते? शेजारचा ख्रिस्ती शेतकरी. त्याच्याजवळ ना तोफ, ना आरमार. परकीयांना बॉक्सर 'केसाळ' म्हणत आणि चिनी ख्रिस्ती माणसाला 'दुसऱ्या नंबरचा केसाळ'. एका शब्दात त्याचे गाव, त्याची भाषा, त्याचे पूर्वज सारे पुसले गेले. तो चिनी उरला नाही. आणि एकदा तो आपला उरला नाही म्हटल्यावर त्याला मारणे सोपे झाले.

१९००च्या उन्हाळ्यात जे झाले त्यात मृत्यू पावलेल्या चिनी ख्रिस्ती लोकांची संख्या तीस हजारांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. परकीय मिशनरी मेले ते शेकड्यांत. यावरूनच घाव कोणावर पडला ते दिसते.

बीजिंगच्या दक्षिणेला झुजियाहे नावाचे एक कॅथलिक खेडे होते. जुलै महिन्यात आजूबाजूच्या गावांतून पळून आलेले लोक तिथे गोळा झाले. एकूण तीन हजारांच्या आसपास माणसे, त्यांत बायका-मुले पुष्कळ. १७ जुलैला गावाला वेढा पडला. २० जुलैला हल्लेखोर चर्चमध्ये घुसले. आत येशूसंघाचे दोन फ्रेंच धर्मगुरू, फादर मांजें आणि फादर देन, लोकांबरोबर प्रार्थना करीत होते. गावच्या प्रमुखाची पत्नी मारिया झू, जिचा नवरा त्याच लढाईत पडला होता, ती हात पसरून फादर मांजें यांच्यासमोर उभी राहिली. तिला गोळी लागली. मग चर्चला आग लावण्यात आली.

त्याच महिन्यात मार्क जी तियानशियांग यांनाही ठार करण्यात आले. ते वैद्य होते. पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून अफू घेऊ लागले आणि तिच्या विळख्यात सापडले. व्यसन सुटेना, म्हणून सुमारे तीस वर्षे त्यांना संस्कारांपासून दूर ठेवण्यात आले. तरी त्यांनी चर्चची वाट सोडली नाही. मरणाची वेळ आली तेव्हा 'मला शेवटी मारा' अशी त्यांनी विनंती केली, जेणेकरून घरातल्या कोणालाही एकट्याने मरावे लागू नये. परकीयांनी देशात पेरलेल्या अफूने या माणसाचे आयुष्य पोखरले होते. परकीयांनी केलेल्या अन्यायाचा तो बळीच होता. आणि 'परकीयांचा माणूस' म्हणून त्यालाच मारण्यात आले!

इथे बॉक्सरांच्या रागाचा हिशेब कोसळतो.

मल्खसचा कान

गेथसेमनी बागेतला प्रसंग आठवा. येशूला धरायला सशस्त्र जमाव येतो. पेत्राला संताप येतो. तो संताप अगदी योग्य होता. निरपराध गुरूला रात्रीच्या अंधारात पकडले जात होते. पेत्र तलवार उपसतो. पण घाव कोणावर बसतो? कयफावर नाही, पिलातावर नाही, सैन्याच्या नायकावरही नाही. मल्खस नावाच्या एका नोकराचा कान तुटतो. आणि येशू काय करतो? तो पेत्राला तलवार म्यान करायला सांगतो आणि त्या नोकराचा कान बरा करतो. स्वतःला धरून न्यायला आलेल्या माणसाचा!

आम्हाला वाटते, सारा प्रश्न इथे उलगडतो. पेत्राला राग आला याबद्दल येशू त्याला रागावत नाही. पण राग खरा आहे म्हणून घाव बरोबर पडेल असे नाही. अन्याय करणारा सहसा उंच जागी असतो, पहाऱ्यात असतो. तलवारीला सापडतो तो मल्खस.

कोणी म्हणेल, हे सांगणे सोपे आहे. ज्याच्या छातीवर परकीय सैन्य बसले आहे त्याने काय प्रार्थना करीत राहायचे? हा आक्षेप गंभीर आहे. ख्रिस्तसभेने स्वसंरक्षणाचा हक्क कधीच नाकारलेला नाही. चढाई करून आलेल्या सैनिकाशी लढणे ही एक गोष्ट आहे. बीजिंगच्या उत्तर चर्चमध्ये बिशप फाविए यांच्यासह तीन हजारांहून अधिक लोक, बहुतेक चिनी स्त्रिया आणि मुले, दोन महिने वेढ्यात अडकले तेव्हा मूठभर फ्रेंच आणि इटालियन खलाशांनी बंदुकांनीच त्यांचे रक्षण केले. तेव्हा प्रश्न शस्त्र उचलले की नाही एवढाच नाही. ज्याच्यावर ते उचलले त्याने काय केले होते, हा प्रश्न आहे. मारिया झूने काय केले होते? ती कोण आहे एवढेच पाहिले गेले. तिने काय केले हे कोणी विचारले नाही. जेव्हा माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जातकुळीला, धर्माला किंवा नावाला शिक्षा होते, तेव्हा लढाई कितीही न्याय्य असो, तिथे न्याय संपलेला असतो.

तोच हिशेब, उलट बाजूने

आता आपल्या बाजूच्या म्हणवणाऱ्या लोकांकडे पाहू. आठ देशांचे सैन्य १४ ऑगस्ट १९०० रोजी बीजिंगमध्ये शिरले आणि ५५ दिवस वेढ्यात असलेल्या वकिलाती मोकळ्या झाल्या. दोन दिवसांनी उत्तर चर्चचाही वेढा उठला. आत अडकलेल्यांनी देवाचे आभार मानले असतील, आणि ते स्वाभाविक आहे.

पण पुढे काय झाले? शहराची लूट झाली. राजवाडे लुटले गेले, तशी साध्या माणसांची घरेही. खेड्यापाड्यांवर शिक्षेच्या मोहिमा निघाल्या आणि बॉक्सर कोण, शेतकरी कोण हे पाहण्याची तसदी पुष्कळदा कोणी घेतली नाही. जर्मन सम्राटाने तर निघणाऱ्या सैनिकांना दयामाया न दाखवण्याचा जाहीर उपदेश केला होता. लुटीतून आणि दंडातून मिशनांची भरपाई करून घेण्यावरून काही मिशनऱ्यांवर त्याच काळात कडक टीका झाली. ७ सप्टेंबर १९०१ रोजी चीनवर ४५ कोटी ताएल चांदीचा दंड बसला, व्याजासह ३९ वर्षांत फेडायचा. चीनची लोकसंख्या तेव्हा सुमारे तेवढीच धरली जाई. म्हणजे माणशी एक ताएल! ज्या शेतकऱ्याने बॉक्सर डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्याच्याही डोक्यावर तो बसला.

बॉक्सरांनी परकीयांचा सूड शेजाऱ्यावर उगवला. आठ राष्ट्रांनी बॉक्सरांचा सूड शेतकऱ्यावर उगवला. हिशेबाची रीत एकच.

त्या आठ सैन्यांपैकी इंग्रजांच्या सैन्यात बहुसंख्य शिपाई आपल्या देशाचे होते, हे आपण सहसा विसरतो. वकिलातींपर्यंत सर्वांत आधी पोचले ते शीख आणि राजपूत शिपाई. सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधर सिंह यांनी परत आल्यावर 'चीन में तेरह मास' हे हिंदी पुस्तक लिहिले. ते १९०२ साली निघाले. त्यांनी जळालेली गावे पाहिली, लूट पाहिली, आणि चिनी लोकांविषयी त्यांच्या मनात करुणा दाटून आली. समोरचा शत्रू आपल्यासारखाच पराधीनतेत सापडलेला आशियाई माणूस आहे, हे त्यांना जाणवले. हुकूम पाळणाऱ्या शिपायाच्या छातीतही सदसद्विवेक जागा असू शकतो, याचा हा पुरावा. लेइ कुंग चित्रपटात जे करतो त्याच जातीचे हे धैर्य आहे: आपल्याच गोटात उभे राहून आपल्या गोटाविषयी खरे बोलणे.

हुतात्म्यांचा मान कसा राखावा?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी चीनच्या १२० हुतात्म्यांना संतपद बहाल केले. त्यांतले ८७ चिनी होते. मारिया झू आणि मार्क जी हे त्यांपैकीच. बहुसंख्य हुतात्मे बॉक्सर काळातले. चिनी सरकारने तीव्र नापसंती दाखवली. तो दिवस चीनचा राष्ट्रीय दिन होता, आणि संत ठरवलेल्यांपैकी काही जण साम्राज्यवाद्यांचे हस्तक होते असा त्यांचा आरोप होता.

अशा वेळी आपल्यापुढे दोन मोह उभे राहतात. पहिला मोह असा, की आमचे हुतात्मे पवित्र, म्हणून त्या काळातले मिशनचे सारेच वागणे पवित्र. अफू, तह, युद्धनौका यांचा विषयच नको. दुसरा मोह आजच्या शिकलेल्या माणसाचा. मिशन साम्राज्याच्या गाडीत बसून आले, तेव्हा मेलेल्यांविषयी काय रडायचे? दोन्ही मोह खोटे आहेत. पहिल्यात चिनी शेतकऱ्याचे दुःख नाकारले जाते. दुसऱ्यात मारिया झूला पुन्हा एकदा मारले जाते.

त्याच पोपमहोदयांनी पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर २००१ रोजी, येशूसंघीय धर्मगुरू मातेओ रिची यांच्या बीजिंग आगमनाच्या चारशेव्या वर्षानिमित्त संदेश दिला आणि ख्रिस्ती लोकांच्या वागण्याने चीनमध्ये जे दुखावले गेले असतील त्यांच्याकडे क्षमा मागितली. एका वर्षी हुतात्म्यांचा गौरव, पुढच्या वर्षी क्षमायाचना. काहींना यात विसंगती दिसली. आम्हाला यात ख्रिस्ती मनाची प्रकृती दिसते. हुतात्मा निरपराध आहे, म्हणूनच आपल्याला त्याच्या आडोशाला आपले अपराध लपवता येत नाहीत.

वसईच्या मातीला हे नवीन नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर मारण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले होते आणि मिशनऱ्यांमागून स्पेनचे सैन्य येते असा संशय जपानच्या सत्ताधीशाच्या मनात भरला होता. स्पेनच्या राजाची इतर देशांतली करणी पाहता त्याची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण वसईच्या त्या बंधूने कोणाचे राज्य घेतले होते? त्यांच्याबरोबर क्रूसावर चढलेल्या २५ जणांपैकी बहुतेक तर जपानीच होते, काही कोवळी मुले. भीतीला कारण होते, पण शिक्षा निर्दोषांना झाली. आपण गोन्सालोंचा सण साजरा करतो तेव्हा त्यासाठी स्पेनच्या साम्राज्याचे समर्थन करावे लागत नाही. चीनच्या हुतात्म्यांच्या बाबतीतही ते करायचे नाही.

ख्रिस्तसभा या साऱ्यातून काही शिकली. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१९च्या आपल्या पत्रात मिशनऱ्यांना बजावले, की ते कोणत्याही देशाच्या राज्याचे नव्हे, तर ख्रिस्ताच्या राज्याचे सेवक आहेत. बेल्जियमचे फादर व्हिन्सेंट लेब हे बॉक्सर उठावाच्या पाठोपाठ १९०१ साली चीनमध्ये गेले, चिनी लोकांतले एक होऊन राहिले आणि पुढे त्यांनी चीनचे नागरिकत्वही घेतले. चिनी ख्रिस्तसभेचा कारभार चिनी माणसांच्या हाती यावा म्हणून ते झटले आणि त्यासाठी आपल्याच वरिष्ठांचा रोष पत्करला. २८ ऑक्टोबर १९२६ रोजी पोप पायस अकरावे यांनी रोममध्ये सहा चिनी धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. 'ख्रिस्ती झाला तो परका झाला' या आरोपाला हे खरे उत्तर होते. ते द्यायला उशीर झाला, हेही खरे.

एकाच मेजावर दोघे

येशूचा देशही परकीयांच्या टाचेखाली होता. रोमी शिपाई, रोमी कर, रोमी क्रूस. आणि त्याने निवडलेल्या बारा जणांत कोण होते? मत्तय जकातदार, जो परकीयांसाठी कर गोळा करीत होता. आणि शिमोन, ज्याला लूक 'जिलोत' म्हणतो, परकीयांविरुद्ध पेटून उठणाऱ्यांच्या नावाने. बॉक्सरांच्या भाषेत बोलायचे तर एक 'दुसऱ्या नंबरचा केसाळ' आणि दुसरा बॉक्सर! दोघांना येशूने एका मेजावर बसवले. मत्तयाला त्याने जकातनाके सोडायला लावले. शिमोनाच्या हाती त्याने तलवार दिली नाही. मत्तयाने लुबाडणूक सोडावी लागली, शिमोनाने मत्तयाला माणूस म्हणून पाहावे लागले. दोघांपैकी एकालाच बदलायला सांगितले असते तर ते मेज टिकले नसते.

हा विषय चीनचा, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. पण 'ते लोक' हा शब्द आपल्याही ओठांवर सहज येतो. आपल्याला कोणी 'परदेशी धर्माचे' म्हटले की आपले मन दुखावते, आणि दुखावलेच पाहिजे. पण बाहेरून पोट भरायला आलेल्या माणसाविषयी, दुसऱ्या समाजाविषयी, अगदी दुसऱ्या आळीतल्या कुटुंबाविषयी बोलताना आपण काय करतो? एकाने जमीन बळकावली, तर 'ते सगळे तसलेच'. एकाने फसवले, तर त्याच्या साऱ्या गावावर काट मारायची. तलवार उपसत नाही एवढेच. हिशेबाची रीत तीच असते.

म्हणून मनात राग उसळेल तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला: माझी तक्रार खरी आहे का? खरी असेल तर ती निर्भयपणे मांडावी. अन्याय गिळून बसणे म्हणजे ख्रिस्ती सहनशीलता नव्हे. दुसरा: माझा घाव कोणावर पडणार आहे, ज्याने केले त्याच्यावर, की जो हाताशी आहे त्याच्यावर? आणि आपल्याच घरात, आपल्याच समाजात कोणी उठून 'थांबा, हा माणूस तो नव्हे' असे म्हणाला, तर त्याला फितूर म्हणू नये. त्याचे ऐकून घ्यावे.

चीनच्या हुतात्म्यांचा सण ९ जुलै रोजी येतो. त्या दिवशी मिस्साबलिदानात मारिया झूची आणि मार्क जींची आठवण करू या. त्यांच्याबरोबरच त्या दुष्काळी वर्षी उपाशीपोटी मंत्र म्हणत गोळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठीही प्रार्थना करू या. त्यांच्या हातांना आपल्या बंधुभगिनींचे रक्त लागले होते. त्यांच्यावर अन्यायही झाला होता. प्रभूपुढे दोन्ही गोष्टी ठेवू या आणि त्यांच्या वतीने क्षमा मागू या; आपल्यासाठीही मागू या.